टकटकबाईंची परीक्षा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कारखान्यात सगळे टकटकबाई म्हणायचे. पवनचक्कीचं पातं तयार झालं की लाकडी हातोडीनं त्या बुडापासून टोकापर्यंत ठोकत जायच्या. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आतले थर सुटलेत, पोकळी आहे. मग तिथे खडूनं गोल. बावीस वर्षं हेच काम. हाताखाली आम्ही पाचजणी. घरात थोरली जाऊ, कामावरही तीच वरचढ, म्हणजे माझी सुटका कुठेच नाही!

गेल्या वर्षी ऑर्डरी आटल्या आणि कारखान्यानं चारशे माणसं घरी बसवली. आम्ही सहाजणीही त्यातच. आठ महिने मी भांडी आपटण्यापलीकडे काही ठोकलं नाही.

मग जुनी पाती दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीनं जाऊबाईंना परीक्षेला बोलावलं. जागा एकच. आम्ही पाचजणी सोबत गेलो आणि तारेच्या कुंपणाला नाक लावून उभ्या राहिलो.

समोर उतरवून ठेवलेलं पातं होतं, शेजारी परीक्षा घेणारे साहेब. मशीननं तपासून चांगलं ठरवलेलं. जाऊबाई ठोकत निघाल्या, मध्यावर थांबल्या, पुन्हा ठोकलं.

"इथे कापा."

कापलं. आत तळहाताएवढी पोकळी! आम्ही नाचायच्याच बाकी होतो. तेवढ्यात ही बया बुडाजवळचा आपला तपासणीचा शिक्का दाखवून म्हणते, "साहेब, हे पातं मीच पास केलं होतं. चूक माझी."

मी कपाळावर हात मारला. अगं, विचारलं होतं का कुणी? हातातोंडाशी आलेला घास!

साहेबांचा चेहरा पडला. "मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"एकटीवर ठेवूच नका," जाऊबाई म्हणाल्या. "आधी एका पात्याला आम्ही दोघी असायचो. एकीचं चुकलं तर दुसरी धरायची. पहिल्या कपातीत सगळ्यांच्या जोडीदारणी काढल्या, मग एका पात्याला एकच बाई. त्या आठवड्यात मला सर्दी, कानाला दडे बसलेले. चूक धरणारं कुणी उरलंच नव्हतं."

साहेबांनी वाकून शिक्का पाहिला.

"पवनचक्कीला पाती किती?" जाऊबाईंनी विचारलं.

"तीन."

त्यांनी कुंपणाकडे हात केला. "मोजून घ्या. मला धरून सहा आहोत."

साहेबांनी खरंच बोटानं मोजलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मी जागची हलले नाही. म्हटलं, उगाच मोजणीतून सुटायला नको.

"सोमवारी सकाळी आठला या," साहेब म्हणाले. "सगळ्याजणी."