विसावं पोर

कासू स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवरच्या सरकारी शाळेचा पट बायजाबाईला हजेरीपुस्तक न उघडताच कळत असे. खिचडीचं पातेलं कितपत भरलं, यावरून. यंदा ते निम्म्यावर आलं होतं. पोरं एकोणीस: अकरा मुली, आठ मुलगे. त्यातली चार एकाच घरातली, त्यामुळे त्या घरी लग्न निघालं की शाळेला जवळजवळ सुट्टीच.

पट वीसच्या खाली राहिला तर मुलं शेजारच्या गावात पाठवून शाळा बंद करणार, असा कागद आला. शाळा गेली की बायजाबाईची चूलही गेली. बावीस वर्षं तिने त्या चुलीवर राज्य केलं होतं. घरी तर सून गॅसला हात लावू देत नसे.

म्हणून ती सहा वर्षांचं पोर शोधत गावभर हिंडली. वय मोजायची तिची रीत जुनी. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायचा. कान हाती लागला की पोर पहिलीला लायक. दोन दिवसांत वाडीतली झाडून सगळी पोरं कान धरून फिरू लागली. ज्यांचे हात पोचले, ती सगळी आधीच पटावर होती.

शेवटी तिने नातीला उभं केलं. सरूने कान धरला, वर ओढूनही दाखवला.

“आजी, पोचला.”

“गप गो. चार वर्सांची तू. तुजा कानच मोठा हाय, बापावर गेलाय.”

सून शांती आतून जन्माचा दाखला घेऊन आली. “आत्याबाई, हिला सहा सरून दोन महिने झाले.”

“मग बोलली का नाय?”

“पाचाच्या आत तिकीट नाय म्हणून पेणच्या एसटीत तुमीच दर खेपेला चार सांगता. म्हटलं, तुमचं चार एकदा संपू दे, मग नाव घालू.”

बायजाबाईने दाखला उलटसुलट करून पाहिला. कंडक्टरला सांगून सांगून तिचा स्वतःचाच त्या चारावर विश्वास बसला होता.

शाळेच्या मृणालीबाईंनी त्याच दिवशी विसावं नाव घातलं. पातेल्यात मूठभर तांदूळ जास्त पडले.

पुढल्या बाजाराला कंडक्टरने सवयीने विचारलं, “आजी, पोरगी किती वर्षांची?”

बायजाबाईनेही सवयीने तोंड उघडलं. तेवढ्यात सरूने हात डोक्यावरून नेऊन कान पकडला. “मी पहिलीत हाय.”

बायजाबाईने कमरेची पिशवी सोडली. “दोन हाफ द्या, बाईमानसाचं माजं एक नि हिचं एक. आनि गाडी जरा हळू हाना, आमची शाळा हिच्यावर उभी हाय.”