सर्जेरावांचा अधिकृत फलक

सर्जेराव गेल्याचे त्यांच्या पत्नीने, मालनवहिनींनी, फोनवरून कळवले, आणि ती बातमी मी ज्याला ज्याला सांगितली त्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच केला : "स्वतःहून काही...?" नाही. पलूसच्या घरी, बाजारातून येऊन सोप्यात टेकले असताना त्यांचे हृदय बंद पडले. दुसऱ्या कोणा निवृत्त सैनिकाविषयी असे विचारले गेले नसते. सर्जेरावांविषयी विचारले गेले, कारण फौजेतून आल्यावर त्यांना नैराश्याने ग्रासले होते, त्यातून ते सावरले होते, आणि या दोन्ही गोष्टी ते चारचौघांत सांगत.

माझी सारी नोकरी साताऱ्याच्या न्यायालयात झाली. पत्नी वारल्यावर सांगलीला मुलीकडे आलो. झोप गेली, अन्नावरची वासना गेली, उरली ती तक्रारअर्ज लिहिण्याची सवय. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर कुपवाडच्या स्वमदत गटाचा पत्ता दिला. कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, एका सदस्याच्या वर्कशॉपमध्ये, मनाच्या आजारातून जाणारी माणसे जमून आपसांत बोलत. मी फाटकापर्यंत गेलो आणि कोणी ओळखीचे पाहील या भीतीने समोरच्या चहाच्या गाड्याकडे वळलो. तेथे एक उंच गृहस्थ उभे होते.

"आवं साहेब, कुणाला हुडकताय?"

"एका कारखान्याचा पत्ता हवा होता."

"आज समदं कारखानं बंद. आज निस्तं आमीच चालू हाय. च्या घ्या, मग जाऊ आत."

नवी माणसे फाटकावरून परत फिरतात म्हणून सर्जेराव मुद्दाम तेथे उभे राहत, हे मला नंतर कळले. आत माझी पाळी आली तेव्हा मी तुंबलेल्या गटारांवर बराच वेळ बोललो. ते शांतपणे म्हणाले, "महापालिकेची तक्रार झाली. आता तुमची सांगा की..." पत्नी गेल्यानंतर मी प्रथमच रडलो, तोही परक्या माणसांत.

विनापरवाना फलकांविरुद्धची माझी पत्रे हा गटात चेष्टेचा विषय होता. एकदा सर्वांसमक्ष सर्जेराव म्हणाले, "साहेब, मी गेलो की माझा फलक लावायचा. परवानगी काढून लावा, पर लावा. मला कसला आजार हुता त्ये लिवा, खाली गटाचं नाव आन् पत्ता पायजे. वाचून एक जरी आला तरी लय झालं."

मी रीतसर अर्ज केला, परवानगी मिळवली आणि पलूसच्या स्टँडजवळ त्यांच्या शब्दाप्रमाणे फलक लावला. दुसऱ्याच दिवशी तो नाहीसा झाला. सर्जेरावांच्या धाकट्या भावाने काढला होता. मी फोनवर परवानगीची गोष्ट काढताच तो उसळला, "माझ्या पोरीला स्थळ आलंय. पावनं त्याच स्टँडवर उतरणार. तुमचा कायदा तिला नवरा देतोय व्हय?"

आणि त्याने फोन ठेवला. उत्तर आता देतो. कायदा गोपनीयतेचा अधिकार रुग्णाला देतो. रुग्णाच्या भावाच्या प्रतिष्ठेला नव्हे. तो अधिकार सर्जेरावांनी पूर्ण शुद्धीत, साक्षीदारांसमक्ष सोडला होता. आणि ज्या घराला मुलीच्या चुलत्याचे नैराश्य खपत नाही, त्या घरात उद्या ती स्वतः आजारी पडली, तर तिला डॉक्टरकडे कोण नेणार आहे? आज त्याच जागी दुसरा फलक आहे : गणवेशातील सर्जेराव, भोवती पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. आजाराचा उल्लेख नाही, गटाचा नाही... परवानगीही नाही. तो मात्र कोणी काढत नाही.

गेल्या सुट्टीच्या दिवशी मालनवहिनी एसटीने कुपवाडला आल्या. काखेत आमच्या फलकाची घडी. दिराने तो गोठ्यात कडब्यावर टाकला होता.

"वहिनी, घरी कळलं तर?"

"कळू दे की. त्यांनी कवा लपवलं न्हाई, मी का लपवू?"

वर्कशॉपमध्ये लावू म्हटले तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आत बसलेल्यांस्नी पत्ता कशाला?" आणि त्या थेट चहाच्या गाड्याकडे गेल्या. चहावाल्याचे ऊन अडवणारे कापड फाटले होते. त्याने फलक घेतला, छापील बाजू रस्त्याकडे करून गाड्याच्या अंगाला ताणून बांधला. सर्जेराव जेथे उभे राहत तेथेच आता त्यांचा चेहरा आहे. खाली गटाचे नाव, पत्ता, आणि "कुणीही यावे".

हा फलक नसून उन्हाचा आडोसा आहे, असे माझे मत आहे. ज्या कोणाची हरकत असेल, त्याने ती मला लेखी कळवावी. सुट्टीच्या दिवशी मी तेथेच उभा असतो.