सतरावा रुमाल

त्या मंगळवारी वाचनालयाच्या समितीसमोर कांबळेमामांचे सतरा रुमाल सोडले. रुमाल म्हणजे दप्तरखान्यात कागद बांधून ठेवतात तसे कापडाचे गठ्ठे. या गठ्ठ्यांत चित्रकथा होत्या. सोळा रुमालांत काही निघालं नाही. सतराव्यात कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, निघाली. संध्याकाळी मामांना कामावरून काढलं.

मामा आमच्या वाचनालयाचे बाइंडर होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे साहाय्यक ग्रंथपाल म्हणून लागले. पण मामा मला पहिल्यांदा दिसले ते महाद्वार रोडवरच्या एका कापडदुकानात. मांजरपाटाच्या ताग्याचं टोक त्यांनी जिभेवर धरलं होतं आणि डोळे मिटले होते.

"पावणं, कापड घ्यायचं हाय का चाटायचं हाय?" दुकानदार ओरडला.

"चाटल्याबिगर घेत न्हाय," मामा शांतपणे म्हणाले. "लई खळ हाय ह्यात. कापड इकतोयस का लापशी?"

दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ बाइंडिंगच्या खोलीत सुई ओवताना दिसले, तेव्हा मला हसू आवरेना. त्यांनी ते पाहिलं आणि रागावण्याऐवजी मला शिकवायला सुरुवात केली. नव्या कापडाला खळ असते. कसर, ती चंदेरी कीड, आधी खळ खायला येते आणि मग कागदाला लागते. म्हणून मांजरपाट तीनदा उकळायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं, पुन्हा जिभेला लावायचं आणि मगच त्यात पुस्तक बांधायचं. "तीन म्हंजे तीन, बाई. दोनदा उकळून माणसाचं समाधान हुतंय, किड्याचं न्हाय."

ही सगळी निगा ते वाचनालयाच्या पुस्तकांची घ्यायचेच. पण त्यांचा जीव होता तो स्वतःच्या चित्रकथांत. जुन्या बाजारात, रद्दीच्या दुकानांत, शाळेसमोरच्या फुटपाथवर शोधून त्यांनी त्या पगारातून घेतल्या होत्या. देवादिकांच्या, राजांच्या, गुप्तहेरांच्या, जंगलातल्या. हातकणंगल्याचं त्यांचं घर एका खोलीचं, पावसात गळणारं. म्हणून पुस्तकं बाइंडिंगच्या खोलीतल्या सागवानी कपाटात असत. प्रत्येक पुस्तकाच्या लोखंडी पिना त्यांनी काढल्या होत्या, कारण आपल्याकडच्या पावसात पिन गंजते आणि मधलं पान तिथेच कुजतं. पिनांच्या जागी दोऱ्याची शिवण. दोन पुस्तकांमध्ये हातकागदाचा ताव. रुमालाच्या घडीत वेखंडाची पुरचुंडी.

मी एकदा सुधारणा सुचवली. ग्रंथपालनाच्या अभ्यासक्रमात नव्याचं कौतुक फार ऐकलं होतं, म्हणून प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्या घेऊन आले. मामांनी डब्यातल्या दोन भाकरी काढल्या. एक माझ्या पिशवीत घालून तोंड बांधलं, दुसरी फडक्यात गुंडाळली आणि दोन्ही खिडकीत ठेवल्या. आषाढ होता. चौथ्या दिवशी पिशवीतल्या भाकरीला हिरवी लव फुटली होती. फडक्यातली वाळून खडखडीत झाली होती.

"कागदाला बी वारं लागतंय, बाई. त्याचं नरडं आवळू नका."

ही बाजारी पुस्तकं इतकी जपायची कशाला, असं मी विचारलं नव्हतं. पण माझ्या चेहऱ्यावर ते असणार. एक दिवस त्यांनी आपणहून सांगितलं. शाळा झालीच नव्हती. विशीत ते एका छापखान्यात छापील ताव घड्या घालायच्या कामाला लागले. अक्षर येत नव्हतं, म्हणून पानं चित्रावरून लावायचे. "घोडा पळतोय, मग पडतोय, मग मरतोय. पडायच्या आदी मेला तर पान चुकलं." मग माणसांच्या तोंडापाशी फुगे दिसले. फुग्यात काहीतरी लिहिलेलं होतं. "तोंड बघायचं. रागावलंय का हसतंय का रडतंय. मग फुग्यातलं अक्षार लावायचं. चुकलं तर तोंडच सांगतंय की, चुकलं म्हणून. दुसऱ्या कुठल्या पुस्तकानं मला आसं सांगितलं न्हाय." मग म्हणाले, "माझा बाप ह्या इमारतीच्या पायऱ्या झाडायचा. वर यायचं काम त्याला कदी पडलं न्हाय. आमच्या घरात कागूद आला तो माझ्या हातानं."

वाचनालयाला एका घराण्याकडून चामडी बांधणीचे ग्रंथ मिळाले आणि कपाट हवं झालं. आमचे कार्यवाह वकील होते. बाइंडिंगच्या खोलीत येऊन त्यांनी मामांचं कपाट उघडलं.

"अहो कांबळे, ह्या काय पोथ्या आहेत? पोरांच्या करमणुकीचे कागद. पाच पावसाळे टिकायचे नाहीत. हलवा."

"पोथी बी कुणीतरी करमणुकीलाच ऐकली आसंल की, साहेब."

"वाद घालू नका."

"वाद न्हाय. पाच कशाला, एकच पावसाळा बघा. मिरगाच्या आदी बांधतो, दसरा झाला की तुमच्या समितीम्होरं सोडतो. एक भोक दिसलं तर कपाट मोकळं करतो."

कार्यवाहांना गंमत वाटली. त्यांनी मान्य केलं.

पाऊस तोंडावर आला, आणि मामांची बहीण आजारी पडली म्हणून ते नेसरीला गेले. सोळा रुमाल बांधून झाले होते. सतराव्याला कापड पुरलं नव्हतं. मी महाद्वार रोडवरून मांजरपाट आणलं, नळाखाली एक पाणी दिलं, वाळवलं आणि रुमाल बांधला. मामांसारखीच गाठ मारली. मला त्या गाठीचा अभिमान वाटला होता. आठवड्याने मामा आले, रुमालावरून हात फिरवून म्हणाले, "कापड धुतलं न्हवं?"

"धुतलं," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. पण त्यांनी जे विचारलं होतं, त्याचं ते उत्तरही नव्हतं. त्यांनी विश्वास ठेवला.

त्या मंगळवारी लांब टेबलावर एकेक रुमाल सुटत गेला. समितीतले एक म्हातारे गृहस्थ एक चित्रकथा उघडून वाचतच बसले, तेव्हा सगळे हसले. मग सतरावा सुटला. पानांच्या कडा जाळीसारख्या झाल्या होत्या आणि चंदेरी किडे टेबलावर पळाले. मामांनी कापडाचं टोक उचललं आणि सगळ्यांदेखत जिभेला लावलं. त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. कार्यवाहांना म्हणाले, "कापड माझ्याकडनं चुकलं."

मी भिंतीला टेकून उभी होते. बोलले नाही.

"मग कांबळे? शब्द दिला होता."

"दिला हुता की. आत्ता मोकळं करतो." आणि त्यांनी ते कपाट खरंच रिकामं केलं. सोळा रुमाल एकेक करून उचलले आणि वाचनकक्षातल्या मोठ्या टेबलावर, वर्तमानपत्रं वाचणाऱ्या लोकांसमोर, ओळीने मांडले. "झालं कपाट मोकळं. ही आता हितं बसल्यात. वाचनालय हाय न्हवं हे?"

"ताबडतोब बाहेर न्या."

"न्हेणार न्हाय. पैज मी हारलोय, पुस्तकं न्हाय हारल्यात."

संध्याकाळपर्यंत त्यांनी ते तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यांना कोणी विचारलं नाही, हातात कागद दिला. रुमाल पंधरा दिवसांत रद्दीत द्यायचं काम माझ्याकडे आलं.

रविवारी मी हातकणंगल्याची गाडी धरली. मामा घरासमोर पोत्यावर बसून शेजारच्या पोरांच्या वह्या शिवत होते.

"मामा, तो रुमाल..."

"ठावं हाय."

"मग तिथे बोलला का नाही?"

"बोललो आसतो तर दोगांची नोकरी गेली आसती. मला सुई कुठंबी चालवता येतीया." मग त्यांनी सुई खाली ठेवली. "पर बाई, धुतलं का म्हणालासा? न्हाय उकळलं म्हणायचं. मी राती उकळलं आसतं. चूक केलासा त्याचं काय न्हाय. कापडाबद्दल खोटं बोललासा, त्याचा राग हाय मला."

तो राग त्यांनी लपवला नाही आणि मी माफी मागितली नाही, कारण ती मागून त्यांच्यावरच ओझं पडलं असतं. मी जे करता येण्यासारखं होतं ते सांगितलं. पुस्तकं वाचनालयाला देणगी द्या.

"ज्येनी मला घालीवलं त्यास्नी?"

"त्यांना नाही. नोंदवहीला. पुस्तकाला एकदा दाखल क्रमांक पडला की सभासदांच्या सभेशिवाय ते काढता येत नाही. समितीलाही नाही."

मामा बराच वेळ हसले. मग म्हणाले, "देतो. पर वाचाय द्यायची. कपाटात घालून हळदकुंकू वाहायचं आसलं तर देत न्हाय. आन् शिक्का मारू नका, शाई कागूद खाती. पेन्सिलीनं लिवा."

मी आठ दिवस पेन्सिलीनं लिहिलं. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानावर क्रमांक, नोंदवहीत नाव, देणगीदार म्हणून त्यांचं पूर्ण नाव. नवव्या दिवशी कार्यवाहांनी नोंदवही पाहिली आणि मला समितीसमोर बोलावलं.

"हे कुणाला विचारून केलंत?"

"देणगी दाखल करणं हे माझं काम आहे. विचारावं लागत नाही." मी नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. "आणखी एक. सतरावा रुमाल मी बांधला होता. कापड मी उकळलं नव्हतं. हे इतिवृत्तात लिहा."

त्यांनी मला काढलं नाही. मामांना परत घेतलंही नाही. आणि इतिवृत्तात ते वाक्य लिहिलं नाही. म्हणून मी ते इथे लिहिते आहे.

मामा पुढच्याच महिन्यात वर्गणी भरून सभासद झाले. दर रविवारी पायऱ्या चढून यायचे, मोठ्या टेबलाशी बसायचे आणि स्वतःच्याच चित्रकथा सभासद म्हणून मागून घ्यायचे. कार्यवाह समोरून गेले तर पुस्तक थोडं वर धरायचे. पावसाळा संपला की वेखंड बदलायचं असे. ते काम ते मला करू देत नसत आणि नव्या बाइंडरलाही नाही. "पगार न्हाय घेत, तवा हुकूम बी घेत न्हाय," असं म्हणून खोलीत शिरायचे. कधी एखादा मोठा माणूस, मार्केट यार्डातला हमाल, गवंडी, बालविभागापाशी घुटमळताना दिसला, तर मामा शेजारची खुर्ची ओढायचे. "बसा की, पावणं. लाजताय काय? आदी तोंड बघा. मग फुगा."

दमा होता. आयुष्यभराची कागदाची धूळ. दहा-बारा वर्षांनी एका पौषात ते गेले. शोकसभा झाली नाही. समितीच्या मते ते माजी कर्मचारी होते आणि तेही काढलेले. मी त्या दिवशी सभासदांच्या यादीतून त्यांचं नाव कमी केलं नाही. कुणी सांगितलं तरी केलं नसतं.

सतराव्या रुमालातली तीन पुस्तकं कसरीतून वाचली, बाकीची गेली. उरलेले सोळा रुमाल बालविभागात खालच्या फळीवर आहेत. कापड तीनदा उकळलेलं आहे. पुस्तकं मागितली की मिळतात.