बॅनरमागची माणसं

माझ्या शाळेत गणित शिकवणारी एक अमेरिकन बाई आहे. काळी, धिप्पाड, हसली की अख्खी स्टाफरूम मान वर करून बघते. शुक्रवारी आमची शाळा अर्धा दिवस असते, कपड्यांचे नियम जरा ढिले असतात, तेव्हा ती न चुकता तिच्या कॉलेजचा टी-शर्ट घालून येते. मला आधी वाटलं, असेल कुठलंतरी नामांकित कॉलेज, मिरवतेय बया. एकदा सहज विचारलं तर खुर्ची ओढून बसली आणि सांगत सुटली. गोऱ्यांची कॉलेजं काळ्यांच्या पोरांना दारात उभं करत नव्हती, तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून जी कॉलेजं निघाली, त्यातलं तिचं एक. तिची आजी तिथे शिकून शिक्षिका झाली, आई नर्स झाली, आणि ही गणिताची. तिच्या गावातले डॉक्टर, वकील, न्यायाधीश सगळे तिथूनच निघालेले. ते कॉलेज नसतं तर आमच्या घरातल्या बायका अजून दुसऱ्यांची धुणी धूत असत्या, असं ती म्हणाली. मग मला विचारलं, "तुझं कॉलेज कुठलं?"

हा प्रश्न दुबईत आल्यापासून मला ढीगभर लोकांनी विचारलाय. मराठी माणसं विचारतात तेव्हा त्यांना कॉलेज नको असतं, जात हवी असते. हळदीकुंकवाला हातावर अत्तर लावता लावता बायका गोड आवाजात विचारतात, तुमचं मूळ गाव कुठलं, शिक्षण कुठे झालं. मी म्हणते, मराठवाड्यात. कोणी आणखी उकरायला लागलं की वाण उचलते आणि घरी निघते.

या बाईला मात्र माझ्या जातीचं काय घेणं होतं? मी सगळं सांगून टाकलं. आमच्याकडे दलितांच्या पोरांना कोणी धड शिकू देत नव्हतं, तेव्हा एका गुरुजींनी तालुक्याच्या बाहेर माळावर कॉलेज काढलं आणि शेजारी मुलींचं वसतिगृह बांधलं. पत्र्याचं छप्पर, ज्वारीची भाकरी, पाण्यासारखं वरण. माझी आई ऊस तोडायला जायची. मी त्या वसतिगृहात राहून बीएस्सी केलं, पुढे बीएड केलं, आणि आज इथे शेखांच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग तुझा टी-शर्ट कुठाय?" मी हसले. कसला टी-शर्ट, कप्पाळ.

नंतर तिनं मला आणि माझ्या लेकीला त्यांच्या मेळाव्याला नेलं. तशा कॉलेजांतून शिकलेली, इथे नोकरीला आलेली काळी माणसं एका बागेत जमली होती. पायलट होते, दातांचे डॉक्टर होते, बँकवाले होते. कॉलेजच्या बँडची गाणी स्पीकरवर लावून म्हातारी माणसंसुद्धा रांगेत नाचत होती. प्रत्येकाच्या छातीवर कॉलेजचं नाव. माझी लेक येताना गाडीत म्हणाली, "ममा, दे आर सो प्राउड." मला खूप हेवा वाटला. खरं सांगते.

पुढच्याच महिन्यात माझ्या मैत्रिणीचा फोन आला. आम्ही दोघी त्याच वसतिगृहातल्या, आता ती त्याच कॉलेजची प्राचार्य आहे. म्हणाली, "अगं, संस्थेत नवे लोक आलेत. वसतिगृह बंद करायचं म्हणतात. या कॉलेजनं आजवर काय दिवे लावले ते दाखवा, असं तोंडावर विचारलं मला. मी संस्थेच्या बैठकीत जुन्या मुलांचे फोटो भिंतीवर लावणार आहे. पुण्यामुंबईची माणसं टाळाटाळ करतायत, साहेब झालेत ना. तुम्ही तर परदेशात, तुम्हाला कुणाची भीती? सगळे मिळून बॅनर धरा आणि एक फोटो पाठवा. परदेशातली माणसं बघितली की यांची तोंडं गप्प होतील." मग म्हणाली, "फिजिक्सला एक पोरगी आहे, फार हुशार. घरचे स्थळ बघून बसलेत. वसतिगृह आहे तोवर ती तिथून हलणार नाही म्हणून थांबलेत. हे बंद पडलं की तिचं लग्नच." मी म्हटलं, फोटो आलाच समज.

आमच्या कॉलेजच्या इथल्या माणसांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्याचं नाव 'बॅडमिंटन'. ऑफिसमध्ये कोणी मोबाइलमध्ये डोकावलं तर कळू नये म्हणून ठेवलेलं. माझा नवरा चिडवतो, एवढं खेळता तर एखादी रॅकेट तरी आण घरात. त्या ग्रुपवर मी लिहिलं, रविवारी डिस्कव्हरी गार्डन्सजवळच्या बागेत जेवायला या. बॅनरचं लिहिलं नाही. म्हटलं, समोर आल्यावर कोण नाही म्हणेल.

आणि आली की सगळी. रुवैसच्या रिफायनरीतला इंजिनिअर बायको-पोरांना घेऊन पहाटेच निघाला होता. जबल अलीच्या एका मोठ्या गोदामाचा मॅनेजर आला, शारजाहची नर्स आली, अजून चार घरं आली. मी भाकऱ्या थापून नेल्या होत्या, नर्सनं मटण आणलं होतं. एकमेकांना भेटल्यावर आमचा तो नमस्कार केला, जो इथे कोणी मोठ्यानं करत नाही. वसतिगृहातल्या रेक्टरबाईंची नक्कल झाली, वरणात डाळ शोधायच्या शर्यती आठवल्या. इंजिनिअर हसून हसून ठसकला. इतकं मोकळं मी कित्येक वर्षांत बसले नव्हते.

मग मी पिशवीतून बॅनर काढला. निळा, त्यावर पांढऱ्या अक्षरात कॉलेजचं नाव. सगळं सांगितलं, वसतिगृहाचं, बैठकीचं, फिजिक्सवाल्या पोरीचं. सगळे भाकरीकडे बघत बसले.

मॅनेजर म्हणाला, "ताई, माझा बॉस पुण्याचा आहे. माझ्या टेबलावर येऊन जेवतो तो. हा फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेला की खलास." इंजिनिअरनं आडनाव बदलून घेतलंय, ते आम्हाला माहीत होतं. तो हळूच म्हणाला, "पोराचं जमतंय इथल्याच मराठी मंडळातल्या मुलीशी. त्यांना आम्ही काही बोललो नाही अजून. एवढं होऊ दे." मला संताप आला. मी म्हटलं, तुमच्या घरात कमोड धुवायला बाई आहे ती त्या पत्र्याखालच्या वरणामुळे, आणि तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते? नर्स रडायला लागली. तिच्या नवऱ्यानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

शेवटी नर्सनंच तोडगा काढला. बॅनर जरा वर धरू, म्हणाली. मी एका टोकाला उभी राहिले आणि बॅनर छातीशी धरला. बाकीच्यांनी तो वर, आणखी वर उचलला. लेकीनं मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि खाली केला. "ममा, व्हाय इज एव्हरीवन हायडिंग?" मी म्हटलं, तू काढ गुपचूप. फोटोत निळं कापड, त्याच्या कडेवर बोटं, खाली बूट आणि चपला, आणि कोपऱ्यात माझं एकटीचं तोंड. तोच पाठवला. दुसरा कुठून आणणार होते?

बैठकीचं मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. संस्थेच्या अध्यक्षांनी फोटो बघितला आणि विचारलं, "ही एकच बाई का?" बस, तेवढंच. कोणी भांडलं नाही, कोणी ओरडलं नाही. वसतिगृह सत्र संपल्यावर बंद करायचं ठरलं.

सत्र संपलं आणि काल तिचा ऑफिसातून परत फोन आला. फिजिक्सवाल्या पोरीला न्यायला तिचा बाप टेम्पो घेऊन आला होता, टेम्पो अजून फाटकातच होता. पेटी चढवून झाल्यावर पोरगी ऑफिसात आली आणि भिंतीवरच्या आमच्या फोटोपुढे उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, हे सगळे शिकून एवढे मोठे झाले ना? तरी लपावंच लागतं? मग मी बापाशी कशासाठी भांडत होते?"

मी मैत्रिणीला विचारलं, तू काय सांगितलंस तिला?

ती म्हणाली, "काय सांगू? तू सांग."

पलीकडून टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.