परक्या घरातला चहा

कोल्हापुरात कुणाच्या घरी जाऊन चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं. "घ्या की, अर्धा कप तर घ्या," असं दोन-तीनदा होतं आणि मग कप सरळ हातातच येतो. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी तरीही नाही म्हणत होते. आधी पित्त सांगितलं, मग उपवास. शेजारणीला एकदा साखर वाढलीय म्हणून सांगितलं, तर तिने दुसऱ्या दिवशी कारल्याचा रस आणून दिला. तो तेवढा प्यावा लागला.

खरं कारण असं, की ऑपरेशननंतर माझं मूत्राशय आपलं आपण रिकामं होईना. भरायचं, तुडुंब व्हायचं, पण लघवी सुटायची नाही. सुरुवातीला कायमची नळी आणि मांडीला बांधलेली पिशवी होती. साडीच्या आत ती घेऊन वावरताना सगळ्या गल्लीला वास येतोय असं मला वाटायचं. येत नव्हता. पण मी दार लावून बसले ती बसलेच. मग लघवीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही काढू, पण दर काही तासांनी एक बारीक नळी तुम्ही स्वतःच घालायची, लघवी काढायची आणि नळी टाकून द्यायची. मी म्हटलं, "स्वतः? मला इंजेक्शन देतात तेव्हासुद्धा मी डोळे मिटून घेते."

शिकवायला ज्या सिस्टर होत्या, त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "बघा की, लाजताय कुनाला?" पन्नाशी उलटली, दोन बाळंतपणं झाली, आणि आपलं शरीर तिथे कसं आहे हे मी पहिल्यांदाच बघत होते. नळी भलतीकडेच गेली. दुसरी घेतली, तीही गेली. मी चिडले, रडले, सिस्टरवर ओरडले. त्याही माझ्यावर ओरडल्या. आणि मग एकदाची ती बरोबर गेली, भांड्यात धार लागली, आणि ओटीपोटातला तो दगड उतरत उतरत नाहीसा झाला. मी हसायलाच लागले. इतकं बरं मला मुलगी झाली तेव्हाही वाटलं नव्हतं, हे मी तिलाही सांगितलंय.

घरात मग सगळं सोपं झालं. हात धुवायचे, जेली लावायची, पाच मिनिटांचं काम. आरसाही लागेनासा झाला. पण हे घरात. बाहेर कुणाच्या बाथरूमला कडी नसते, कुठे दिव्याचं बटण बाहेर असतं आणि जाणारा-येणारा ते बंद करून जातो, कुठे नळीचं पाकीट ठेवायला वीतभर कोरडी जागा नसते. आणि ही बाई एवढा वेळ आत करतेय काय, हे बाहेरच्यांना कळायलाच हवं असतं. म्हणून मी माझा उपाय काढला. बाहेर पडायचं असलं की पाणीच प्यायचं नाही. अशाने जंतुसंसर्ग होतो म्हणून डॉक्टर रागवायचे. एकदा थंडी वाजून ताप भरलाही. तरी माझं आपलं चालूच.

अशातच मुलीला बिद्रीचं स्थळ आलं. माझ्या नणंदेने आणलं होतं. मुलगा कोल्हापुरात नोकरीला, घरचा ऊस, माणसं मोकळी. मुलगा-मुलगी एकदा भेटली, मग पुन्हा भेटली. तिने तोंडाने काही सांगितलं नाही, पण फोन वाजला की तिचा चेहरा सगळं सांगायचा. मग रीतीप्रमाणे मी आणि नवरा त्यांचं घर बघायला गेलो.

आमच्याकडे घर बघायला गेल्यावर तिथला चहा घ्यायचा की नाही, यालाच अर्थ असतो. स्थळ पटलं नाही तर तोंडावर नाही म्हणत नाहीत. चहा तसाच ठेवून उठतात आणि समोरचे काय ते समजतात. हे मला लहानपणापासून माहीत. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त त्यांचं बाथरूम होतं. ते अंगणाच्या टोकाला, गोठ्याला लागून, आणि दाराला कडीऐवजी सुतळी. मुलाची आई पोहे आणि चहा घेऊन आली. मी हात जोडले. पाणीही घेतलं नाही. नवऱ्याने दोन कप रिचवले, पण त्याचा कप कोण बघतंय? लक्ष असतं ते मुलीच्या आईच्या कपाकडे.

दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला. "वैनी, नको हुतं तर मला आधी सांगायचं की! मुलीच्या आईनं पान्यालाबी हात लावला न्हाय, समजलं आमाला, म्हनाले. दुसरीकडं बघायला लागल्यात ते."

फोन स्पीकरवर होता. मुलीने सगळं ऐकलं, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. माझी लाज माझ्यापुरती होती तोवर ठीक होतं. आता ती पोरीच्या मुळावर आली होती. मला माझा असा संताप आला, की मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला गाडी काढायला लावली.

मुलाची आई चुलीपुढे भाकरी थापत होती. "या," एवढंच म्हणाली. उठली नाही. मी तिच्याशेजारी खालीच बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पर्समधून नळीचं पाकीट काढून दाखवलं. पिठाचे हात तसेच वर धरून ती बघत राहिली.

"हे रोज?"

"रोज. चार-पाच वेळा."

"दुखतंय?"

"आता नाही."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "आन् मी हितं म्हनतोय, आमच्या घरात काय घान दिसली ह्या बाईला! दोन दिस जेवान ग्वाड लागंना मला." मग आवाज चढला. "आवो ताई, सांगायचं की मग! तान्हेलं बसून मरायचं व्हतं व्हय?"

"चहा ठेवा," मी म्हटलं. "मोठा कप."

तो प्यायले, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि मग बाथरूम दाखवा म्हटलं. तिने आत बादली भरून ठेवली, स्टूल धुऊन-पुसून ठेवलं, बल्ब लावला आणि दारासमोर स्वतः उभी राहिली. मी आत असताना तिचा आवाज ऐकू येत होता, "तिकडनं जा रं, तिकडनं!" मला हसू आवरत नव्हतं. पण जमलं. बाहेर आले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता.

पुढच्याच आठवड्यात आमच्या घरी बैठक बसली. दोन्हीकडचे पुरुष सतरंजीवर, बायका आतल्या दाराशी. बोलणी संपत आली तशी मुलाची आई म्हणाली, "आमची येक अट हाय." मुलाकडच्यांनी अट म्हटलं, की मुलीच्या आईला आधी देण्याघेण्याचा आकडाच दिसतो. मुलीने माझा हात घट्ट धरला.

"लग्नाला हॉल कुठलाबी घ्या. पर बायकांच्या बाथरूमला आतनं कडी पायजे, उजेड पायजे, पानी पायजे. मी सोता बघून येतो, मगच ठरवायचा."

पुरुष एकमेकांची तोंडं बघायला लागले. मुलाचे काका म्हणाले, "आं? ही कसली अट?"

मी सांगायला तोंड उघडलं. बैठकीत नवऱ्या मुलीने बोलायचं नसतं. पण माझ्याआधी तीच बोलली.

"मान्य हाय," माझी मुलगी म्हणाली.