पाटलांनी लावलेलं ग्रहण

मी शहापूरचा, पण पहिली मास्तरकी मिळाली मुरबाडकडच्या एका डोंगरगावात. गाव लहान आणि पाटील मोठे. पाटलीणबाई संकष्टी धरायच्या. एकदा त्यांनी मला वाटेतच अडवलं. ‘‘मास्तर, चंद्र रोज थोडा थोडा जातो, तो जातो कुठं?’’

‘‘कुठं जात नाही बाई. दाखवतो.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटलांच्या भाताच्या कोठीत आम्ही जमलो. झरोका गोणपाटानं बुजवला, दार लोटून घेतलं. नारळ सोलून चुन्यानं पांढरा केला, तो चंद्र. कंदील सूर्य. कंदील धरायला मी एखादं पोर बघत होतो, तेवढ्यात पाटील पुढं आले.

‘‘सूर्य दुसरा कोण होणार? आण इकडं!’’

बाई मध्ये उभ्या राहिल्या. त्या पृथ्वी. नारळ हातभर लांब आणि डोक्याहून जरा उंच धरून त्यांनी कंदिलाकडं तोंड केलं. समोरची बाजू काळी, म्हणजे अमावस्या. त्या हळूहळू डावीकडं वळू लागल्या तशी नारळाच्या कडेला उजेडाची बारीक रेघ उमटली.

‘‘अगो बाय! बीजेची कोर!’’ बाई हरखल्या.

आणखी वळल्यावर अर्धा नारळ उजळला. दाराशी बसलेल्या गावातल्या बायका माना लांब करून बघू लागल्या. सूर्याला मात्र चैन पडेना. कोण आलं, कोण गेलं हे बघायला पाटील कंदील घेऊन बाईंच्या पाठीमागच्या दाराकडं निघाले आणि अष्टमीची एकदम पुनव झाली.

बाई ओरडल्या, ‘‘अवो, बसा खाली! सूर्य हलत नाय!’’

पाटील बसले. जरा वेळानं कुरकुरले, ‘‘मास्तर, मला तर नारळ सारखा भरलेलाच दिसतोय. तुमची कोर कुठाय?’’

‘‘सूर्याच्या जागेवरून कायम पौर्णिमाच दिसते, पाटील.’’

सगळ्यांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही, हे पाटलांना सोसणारं नव्हतं. कंदील बाईंच्या हातात कोंबून ते स्वतः पृथ्वी झाले. कोर बघितली, अष्टमी बघितली. मग कंदिलाकडं पाठ करून थाटात पुनवेला उभे राहिले. पण हात अवघडल्यानं नारळ नाकासमोर आला होता. तो पार काळा झाला.

‘‘मास्तर! ग्रहण!’’ पाटलांचा आवाज चिरकला.

‘‘तुमच्या डोक्याची सावली पडलीय. नारळ वर धरा.’’

बाई कंदिलामागून शांतपणे म्हणाल्या, ‘‘यांचं डोकं मधी आलं की असंच व्हतं.’’

बायका पदरात तोंड घालून हसल्या. पाटलांनी नारळ वर केला आणि पुनव लख्ख उजळली. तरीही ग्रहण ते ग्रहण, म्हणून घरी जाऊन त्यांनी अंघोळ केली ती केलीच.

मला वाटलं, आता माझी बदली होणार. पण पुढच्या बाजारात मुरबाडला चहाच्या दुकानापुढं पाटील चारचौघांत सांगत होते, ‘‘ग्रहण कसं लागतं मला इचारा. मी सोता लावलंय. एकदा लावलं आन् एकदा सोडवलं. मास्तर व्हता तिथं, खोटं वाटलं तर इचारा त्याला.’’

सगळे माझ्याकडं वळले. मी मान डोलावली. खोटं असं त्यात काहीच नव्हतं.