बर्फाचा विमा आणि देवदर्शनाची रजा

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण आजही ती जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते. मान खाली घालून चष्मा पुसणारा माणूस दिसला, तरी पुरतं.

मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन निवृत्त झालो, आणि त्यात कुणाचा वशिला नव्हता. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षांत मी पिंपरी भागातल्या एका ठाण्यात होतो. आजूबाजूला सगळे कारखाने. पाळीचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरायचा.

एका सकाळी संत तुकाराम नगरातून एक बाई ठाण्यात आली. तिशीच्या आतली, कडेवर लहान मुलगी. नवरा एका कारखान्यात फिटर होता. तो आणि त्याचे सात सोबती दर रविवारी किल्ले चढायचे. त्या हिवाळ्यात आठही जण हिमाचलात गेले. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायचं, तो खेळ शिकायला. तिसऱ्या दिवशी फिटर घसरला तो खडकावर आपटला. दहन तिकडेच झालं. बाईच्या हातात सोबत्यांनी त्याचे बूट आणून दिले.

बाई रडत नव्हती. मला ते जास्त लागलं.

"साहेब, मी त्यांना सांगितलं होतं, विमा काढल्याबिगर उंबरा ओलांडायचा नाही. ते म्हणाले, बर्फात काही झालं तरी मिळेल असलाच काढलाय. आता विम्यावाले म्हणतात, हा नुसता प्रवासाचा विमा. बर्फातले खेळ याच्यात धरत नाहीत. आणि फॉर्मवर लिहिलंय, देवदर्शनाला चाललो."

"मग?"

"आम्ही बौद्ध आहोत, साहेब. माझा नवरा जन्मात कुठल्या देवाच्या दारात गेला नाही. तो देवदर्शन लिहील? हे त्या एजंटाचं काम. महागाचे पैसे घेतले आणि स्वस्तातला विमा गळ्यात मारला."

तिचं म्हणणं मला पटलं. कारखान्यानं दिलेली खोली तिला महिनाअखेर सोडायची होती. विम्याची रक्कम आली तरच पोरीला घेऊन कुठंतरी भाड्यानं राहता येणार होतं, नाहीतर रस्ता.

एजंट म्हणजे त्याच कारखान्यातला कारकून. एजन्सी बायकोच्या नावावर, फिरणार हा. तेव्हा असं सर्रास चालायचं. दुसऱ्या दिवशी ठाण्याला एक निनावी पोस्टकार्ड आलं : 'आठही फॉर्म एजंटाने स्वतःच्या हाताने भरले. तपास व्हावा.' मी फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, विमा कचेरीतून फिटरचा फॉर्म आणवला आणि कारकुनाला उचलून आणला.

किरकोळ अंगाचा, जाड भिंगांचा चष्मा. बाकावर बसवला. दुपारपर्यंत मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ही आमची रीत. गप्प बसवलेला माणूस निम्मा आपोआप बोलतो. हा बोलला नाही.

"फॉर्म कुणी भरले?"

"मी भरले, साहेब. इंग्रजी फॉर्म आहे, कामगार कसे भरणार? सह्या त्यांच्या आहेत."

"देवदर्शन कुणी लिहिलं?"

"मीच."

"त्यांना दोन्ही विमे दाखवले होते?"

"दाखवले होते."

"मग बर्फाला निघालेला माणूस बर्फाचा विमा सोडून देवाचा कशाला घेईल?"

यावर तो गप्प. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. मी उठलो आणि सगळ्या ठाण्यासमोर त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा फरशीवर पडला, एक काच तडकली. त्यानं तो उचलला, शर्टाला पुसला, परत घातला आणि म्हणाला, "साहेब, तो फॉर्म एकदा नीट वाचा."

मला इंग्रजी येत नव्हतं. ठाण्यात एका जमादाराला येत होतं. पण फौजदारानं जमादाराकडून कागद वाचून घ्यायचा? मी फॉर्म उलटसुलट केला. खाली निळा शिक्का होता. विमा कचेरीचा असणार, असं धरलं आणि फॉर्म फाईलला लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला एका शिपायानं रजेचा अर्ज दिला. कारण : सासू वारली. जमादार हसायला लागला.

"अरे भावा, किती वेळा मारशील त्या म्हातारीला? दिवाळीत मारली होतीस की!"

"जमादारसाहेब, ती थोरली सासू होती."

"किती सासवा आहेत रे तुला?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण माझी आईसुद्धा वारल्यावर दोनदा आजारी पडली होती, माझ्याच अर्जात. खरं कारण लिहिलं तर रजा कोण देतो? आणि हसता हसता माझं हसू थांबलं. आठ कामगारांना एकाच वेळी पंधरा दिवसांची रजा कोणत्या मॅनेजरनं दिली होती?

फॉर्म काढला आणि मान खाली घालून जमादारापुढे धरला. "वाच." त्यानं शिक्का वाचला. विमा कचेरीचा नव्हता, कारखान्याचा होता. हा आमचाच कामगार आहे, असा दाखला.

तसाच कारखान्यात गेलो. टाइम ऑफिसात मावळातला एक म्हातारा टाइमकीपर होता. मी रजेच्या चिठ्ठ्या मागितल्या. त्यानं आधी दार लोटलं.

"साहेब, तुमी भलत्याच मानसाला धरलंय."

"मग पोस्टकार्ड कुणी टाकलं?"

"ते मला ठाव न्हाई. पर ह्ये बघा. गेल्या साली एक जन गडावरनं पाय मोडून आला, दीड म्हयना मशीन बंद. तवापासनं सायबाचा हुकूम हाय. लगीन, मयत, न्हाईतर देवदर्शन. खेळाला रजा न्हाई."

आठ चिठ्ठ्या त्यानं माझ्यापुढे टाकल्या. आठांवर देवदर्शन. विम्याच्या फॉर्मला कारखान्याचा शिक्का लागायचा आणि तो मॅनेजरच्या टेबलावर पडायचा. फॉर्मवर बर्फाचा खेळ लिहिला असता, तर रजा तिथंच फाटली असती.

ठाण्यात परत येऊन मी कारकुनासमोर खुर्ची ओढली. "त्या सातांच्या खोट्या रजा माझ्या वहीत येणार नाहीत. आता बोल."

तेव्हा तो बोलला. आधी सगळ्यांनी बर्फाचाच विमा निवडला होता. त्यानं फॉर्मही भरले होते. ते बिनसहीचे फॉर्म त्याच्या घरच्या ट्रंकेत होते, मी पंचांसमक्ष ताब्यात घेतले. सहीच्या वेळी शिक्क्याची गोष्ट निघाली. फिटरच पुढे होऊन म्हणाला होता, 'आपण कुठं मरतोय? दुसरा भर. माझ्या घरी तेवढं सांगू नको.' हे ठाण्यात सांगितलं असतं, तर खोट्या रजेबद्दल सात जण घरी बसले असते. म्हणून त्यानं मार खाल्ला.

कारकुनाला घरी सोडलं आणि फिटरच्या हातची रजेची चिठ्ठी घेऊन मी बाईकडे गेलो. तिनं ती बराच वेळ बघितली. अक्षरांवरून बोट फिरवलं.

"अक्षर त्यांचंच आहे," ती म्हणाली. "पॉलिसी माझ्या हातात देताना म्हणाले होते, बघ, बर्फाचा काढलाय. मी बुद्धाच्या तसबिरीमागं जपून ठेवली. मला तरी कुठं इंग्रजी येतं?"

मग तिनं विचारलं, "त्या कारकुनाला मारलं का तुम्ही?"

मी म्हणालो, "हो."

"मला त्यांच्या घरी न्या."

नेलं. ती पोरीला घेऊन आत गेली. उघड्या दारातून मला दिसत होतं. तिनं वाकून त्याच्या बायकोचे पाय धरले, आणि तडकलेल्या चष्म्याचा तो माणूस "ताई, उठा, असं करू नका" म्हणत उभा राहिला. मी फाटकापाशी जीपला टेकून उभा होतो.

गैरसमजातून झालेली फिर्याद म्हणून मी प्रकरण मिटवलं. पोस्टकार्ड कुणी टाकलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. रजेच्या चिठ्ठ्या कागदपत्रांत घेतल्या नाहीत. हे नियमात बसत नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि आजही मी ते तसंच केलं असतं. सात जणांच्या नोकऱ्या राहिल्या. बाईला विमा मिळाला नाही. महिनाअखेर तिनं खोली सोडली आणि पोरीला घेऊन माहेरी गेली.

त्यानंतर नोकरीत मी एक शिकलो. कागदावर खोटं दिसलं, की ते कुणी लिहिलं यापेक्षा खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं, हे आधी विचारावं. आणि वाचता येत नसेल, तर वाचून घ्यावं, मग समोर जमादार असो की शिपाई.

पण त्या दिवशी फाटकापासून दारापर्यंत दहा पावलं होती. नवरा गेलेली बाई ती चालून गेली. मी गेलो नाही.